वीस आठवडे आणि एकशेवीस दिवस

2008 च्या जुलैमध्ये भाईंदरच्या निकिता मेहता, त्यांचे पती हरेश आणि डॉक्टर निखिल दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले. पोटातल्या बाळाच्या हृदयात जन्मजात 'हार्ट ब्लॉक' आहे, जन्मल्यावर पेसमेकर बसवावा लागेल, असं तपासणीत निघालं होतं. आईवडिलांना गर्भपात हवा होता. पण निदान होईपर्यंत वीस आठवडे उलटून गेले होते आणि त्यानंतर फक्त आईचा जीव वाचवण्यासाठीच कायदा परवानगी देत होता. 4 ऑगस्टला न्यायमूर्ती खांडेपारकर आणि न्यायमूर्ती अमजद सय्यद यांनी अर्ज फेटाळला. पुढे काही दिवसांतच निकिताबाईंचा गर्भ आपोआप पडला.

बाळ जन्माला घाला, आम्ही सांभाळतो, असं म्हणणारेही तेव्हा पुढे आले होते. त्यांच्या हेतूवर मला शंका नाही. पण ते बाळ नऊ महिने ज्या बाईला वागवायचं होतं, तिच्याबद्दल बोलणारे कमी होते.

वीस आठवड्यांची ही रेघ आली कुठून? 1860 च्या दंडसंहितेत गर्भपात हा गुन्हा होता. शांतिलाल शहा समितीने 1966 मध्ये अहवाल दिला, 1971 मध्ये कायदा झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून तो लागू झाला. डोळ्यांसमोर होत्या त्या चोरून गर्भपात करून घेताना मरणाऱ्या बायका. बाळाच्या गंभीर व्यंगाचं कारणही त्यात होतं, पण वीस आठवड्यांच्या आतच. बाळाच्या हृदयाचे कप्पे एक दिवस पडद्यावर दिसतील, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं.

आपल्याकडे दुसरी एक रेघ त्याहून फार जुनी आहे. इब्न मसऊद यांच्या हदीसवरून बहुतेक उलेमांनी एकशेवीस दिवसांनी रूह फुंकली जाते असं मानलं. त्याआधी काय? इथे एकमत नाही. सबळ कारण असेल तर हनफी फकीहांपैकी अनेकांनी मुभा दिली. अंगावर पिणारं मूल आहे, नव्या गर्भामुळे आईचं दूध आटलं आणि बापाला दाई ठेवायची ऐपत नाही, हे त्यांनी दिलेलं उदाहरण. गरिबाच्या घरात डोकावून दिलेला मसला आहे हा! कोकणी मुसलमान ज्या शाफई मसलकाचे, त्यातले इमाम गझाली मात्र पहिल्या दिवसापासूनच विरोधात होते. 1990 मध्ये मक्केच्या फिकह अकादमीने ठरवलं की तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने असाध्य, गंभीर व्यंग सांगितलं तर एकशेवीस दिवसांच्या आत गर्भपात करता येईल. नंतर फक्त आईच्या जिवाला धोका असेल तरच.

आता हिशेब करून पाहा. एकशेवीस दिवस म्हणजे सतरा आठवडे आणि एक दिवस, गर्भ राहिल्यापासून. डॉक्टर मोजतात शेवटच्या पाळीपासून, म्हणजे साधारण दोन आठवडे आधीपासून. त्यांच्या वहीत ही रेघ एकोणिसाव्या आठवड्याच्या शेवटी येते. संसदेची वीस आठवड्यांची रेघ आणि फिकहची रेघ जवळजवळ एकावर एक! मी उर्दू-मराठी शिकवते, त्यामुळे इंग्रजी रिपोर्ट घेऊन मुलांच्या आया कधीकधी माझ्याकडे येतात. 'चार महिने झाले' म्हणजे कुणाच्या मोजणीने, हे आधी विचारावं लागतं.

बाळाची सविस्तर सोनोग्राफी होते अठरा ते वीस आठवड्यांत. हृदयाचे दोष अनेकदा त्याहूनही उशिरा नीट दिसतात.

दातारांनी लढाई सोडली नाही, ते सर्वोच्च न्यायालयात गेले. 2017 च्या जानेवारीत त्या न्यायालयाने मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या वैद्यकीय मंडळाच्या अहवालावरून चोविसाव्या आठवड्यातल्या एका गर्भवतीला परवानगी दिली; बाळाची कवटीच तयार झाली नव्हती. 2021 च्या दुरुस्तीने काही गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवडे केली. वैद्यकीय मंडळाने गंभीर व्यंग ठरवलं तर वरची मर्यादाच उरली नाही.

एक रेघ सरकली, दुसरी तिथेच आहे. बाविसाव्या आठवड्यात हृदयाचा दोष निघाला तर आज अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या मुसलमान जोडप्यापुढे कायद्याचं दार उघडं असतं. मग ती दोघं मौलानांकडे जातात. बाई पडद्याआड बसते आणि प्रश्न नवरा विचारतो. मौलाना पहिलं विचारतात ते दिवस. रिपोर्टवर असतात आठवडे.