विद्युत मालट्रक : ट्रेलरचा भार व पल्ला (वाशिम जिल्हा)

पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर मालवाहू विद्युत वाहन जितके अंतर तोडते, तो त्याचा पल्ला. मागे ट्रेलर किंवा ट्रॉली जोडली की पल्ला घटतो. किती घटतो ते भरलेले वजन, वेग, चढ आणि रस्त्याचा पृष्ठभाग यांवर ठरते. वाशिम जिल्ह्यात (स्थापना १ जुलै १९९८) या सर्वांचे वेगवेगळे नमुने आढळतात : कारंजा, मंगरुळपीर व मालेगाव तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग, अकोल्याकडून वर येणारा चढाचा रस्ता आणि पांदण रस्त्यांनी सोयाबीन व तूर वाहणारे ट्रॅक्टर.

ऊर्जेचा हिशेब : सपाट रस्त्यावर बॅटरीची शक्ती मुख्यतः दोन ठिकाणी खर्च होते. चाकांचा रोध वजनाच्या प्रमाणात वाढतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्याचा वजनाशी संबंध नाही. त्यामुळे वजन चौपट झाले तरी खर्च चौपट होत नाही. ताशी ८० किमी वेगाने जाणाऱ्या ट्रेलरचा ढोबळ हिशेब मांडला तर १५ टनांच्या रिकाम्या गाडीला किलोमीटरमागे सुमारे ०.९ युनिट (किलोवॉट-तास) लागते, तर मालासह ५५ टन भरलेल्या गाडीला सुमारे १.८ युनिट. म्हणजे पल्ला निम्म्यावर येतो. तीच भरलेली गाडी ताशी ६० किमीने चालवली, तर खर्च सुमारे १.६ युनिटांवर उतरतो. अमेरिकेत विद्युत पिकअप गाड्यांना मोठे ट्रेलर जोडून घेतलेल्या चाचण्यांतही पल्ला निम्मा किंवा त्याहून कमी झालेला दिसला. तिथे ट्रेलरच्या उंच, सपाट तोंडावर अडणारी हवा हे मोठे कारण होते.

डिझेल गाडीचाही खर्च भाराने वाढतोच. पण तिची टाकी काही मिनिटांत भरते, म्हणून ही घट तितकी जाचत नाही.

समृद्धी महामार्ग : नागपूर–मुंबई या ७०१ किमी मार्गाचा नागपूर–शिर्डी हा ५२० किमीचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. टाटा प्रायमा ई.५५एस या ५५ टनी विद्युत ट्रॅक्टर-ट्रकची बॅटरी ४५३ युनिटांची असून कंपनी ३५० किमीपर्यंतचा पल्ला सांगते. वरच्या हिशेबाने पूर्ण भार आणि ताशी ८० किमी वेग असताना एवढ्या बॅटरीवर सुमारे २५० किमी अंतर जाता येईल. नागपूरहून शिर्डीला निघालेल्या अशा गाडीला वाटेत किमान दोनदा चार्जिंग घ्यावे लागेल, आणि पहिल्या थांब्यासाठी वाशिम जिल्ह्यातला पट्टा सोयीचा ठरतो. मात्र ट्रेलर न सोडता गाडी एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडेल, अशी लांब जागा चार्जिंग केंद्रावर हवी.

पातूरपुढचा चढ : वाशिम शहर अकोल्यापेक्षा सुमारे अडीचशे मीटर उंचावर आहे, आणि वाटेतले पातूर गाव सोडल्यावर रस्ता घाट चढतो. ५५ टन वजन १०० मीटर उचलायला १५ युनिट लागतात, म्हणजे अडीचशे मीटरना सुमारे ३७ युनिट. मोटर व गिअरमधली गळती वेगळी. उतरताना मोटर जनित्राचे काम करते आणि यातली काही ऊर्जा बॅटरीत परत येते. पण मोटरचा हा ब्रेक फक्त ट्रकच्या मोटरने फिरणाऱ्या चाकांवर लागतो; मागचा ट्रेलर रेटा देतो, म्हणून ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक वापरावेच लागतात. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परत आलेली वीज घ्यायला जागाच नसते.

ट्रॅक्टर-ट्रॉली : सोनालिका टायगर इलेक्ट्रिक (२०२०) या ट्रॅक्टरची बॅटरी २५.५ युनिटांची आहे. दोन टनांची ट्रॉली ओढत आठ तास काम, असा कंपनीचा दावा आहे. म्हणजे तासाला सरासरी जेमतेम ३.२ युनिट. दुर्गापूरच्या सीएमईआरआय या संस्थेने २०२३ मध्ये आणलेला प्रायमा ईटी-११ हा छोटा ट्रॅक्टर शेतात चार तासांहून अधिक, तर वाहतुकीत सहा तासांहून अधिक चालतो, असे संस्था सांगते. शेतरस्त्यावर वेग कमी असल्याने हवेचा रोध नगण्य ठरतो. कुटाराने शिगोशीग भरलेली ट्रॉली दिसायला अवाढव्य असली तरी बॅटरीला हलकी जाते; त्याच ट्रॉलीत सोयाबीनची पोती रचली की खर्च चढतो. ऑक्टोबरात पाऊस लांबला आणि काळी माती चाकांना चिकटली, तर डांबरी रस्त्याच्या कित्येक पट जोर लागतो.

धोरण : केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत (२०२४) विद्युत ट्रकांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद असून तिच्यात ५५ टनांपर्यंतच्या ट्रॅक्टर-ट्रेलरचाही समावेश आहे. गाडी निवडताना जाहिरातीतला आकडा पुरेसा नाही. भरलेले वजन, वेग आणि नेहमीच्या वाटेवरचा चढ सांगून त्यासाठीचा पल्ला विक्रेत्याकडून लेखी घ्यावा.