खुडूक कोंबडी

दहा-बारा अंडी घालून झाली की गावरान कोंबडी एक दिवस घरट्यातून उठेनाशी होते. पिसे फुलवून, अंग पसरून ती अंड्यांवर दबून बसते. दाणे टाकले तरी धावत येत नाही आणि जवळ हात नेला तर कुरकुरत चोच मारते. अशा कोंबडीला खुडूक म्हणतात. काही न करता घरात बसून राहणाऱ्या माणसालाही 'खुडूक कोंबडीसारखा बसलाय' असे म्हटले जाते. खुडूक कोंबडी मात्र रिकामी बसलेली नसते.

तिच्या छातीपोटाची पिसे या काळात विरळ होतात आणि उघडी, ऊन कातडी थेट अंड्यांना टेकते. चोचीने आणि पोटाने ती दिवसातून अनेकदा अंडी उलटीपालटी करते. कडेची अंडी मध्ये आणि मधली कडेला सरकवते, त्यामुळे आतला गर्भ कवचाला चिकटत नाही आणि ऊब सगळ्यांना सारखी मिळते. दिवसातून एकदा, जेमतेम पंधरा-वीस मिनिटे ती उठते. घाईघाईने दाणापाणी घेते, धुळीत अंग घुसळते आणि परत येऊन बसते. एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिले कवच फोडतात. त्याच्या एक-दोन दिवस आधीपासून अंड्यातून चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी हलक्या आवाजात तिला उत्तर देत राहते.

हा स्वभाव रानातून आलेला आहे. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा. त्याची मादी झुडपाखाली जमीन उकरून, पालापाचोळा सारून पाच-सहा अंडी घालते आणि त्यांवर एकटीच बसते. पाळीव कोंबड्यांची सर्वांत जुनी खात्रीची हाडे थायलंडमधल्या बान नॉन वाट येथे सापडली असून ती इ.स.पू. 1650 ते 1250 या काळातली आहेत, असे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटले आहे. भाताच्या शेतात सांडलेल्या दाण्यांमागे हे पक्षी माणसाजवळ आले असावेत. या घराण्यात सह्याद्रीचाही वाटा आहे. अनेक पाळीव जातींची पिवळी कातडी करड्या रानकोंबड्याकडून आल्याचे 2008 मध्ये जनुकांवरून दिसून आले, आणि सह्याद्रीच्या रानात पहाटे आरवतो तो हाच करडा कोंबडा.

पाळीव झाल्यावरही पुढची पिढी हवी तर कोंबडी खुडूक बसण्याची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून तिला बसवण्याचे एक शास्त्रच घरोघरी तयार झाले. पाटीत किंवा डालग्यात राख आणि भाताचा पेंढा घालायचा, उवा होऊ नयेत म्हणून कडुलिंबाचा पाला ठेवायचा, मांजर-मुंगूस पोचणार नाही असा अंधारा कोपरा बघायचा आणि ताजी अंडी निवडून तिच्याखाली सारायची. सात-आठ दिवसांनी अंडे मुठीत धरून उजेडासमोर पाहिले की आत लाल शिरांचे जाळे दिसते. जे अंडे स्वच्छ दिसेल त्यात जीव धरलेला नसतो.

इ.स.च्या पहिल्या शतकात रोमन लेखक कोल्युमेला याने शेतीवर लिहिलेल्या ग्रंथात हेच सारे ओळखीचे वाटावे असे येते. अंडी नेहमी विषम संख्येत ठेवावीत आणि मेघगर्जनेने अंडी बिघडू नयेत म्हणून पेंढ्याखाली लसणासोबत लोखंडी खिळे ठेवावेत, असे तो सांगतो. कोंबडीची खोड मोडायची असेल तर नाकपुड्यांतून बारीक पीस ओवावे, हा उपायही त्याने दिला आहे. नाकात पीस घालणे, पाण्यात बुचकळणे, पाय बांधून उघड्यावर ठेवणे हे उपाय भारतातल्या गावांतही चालत आले आहेत. पाण्याचा उपाय काही वेळा लागू पडतो, कारण घरट्याची ऊब आणि अंड्यांचा स्पर्श यांवरच खुडूकपणा टिकून असतो. नाकात पीस ओवणे मात्र कोंबडीचा निव्वळ छळ आहे आणि तो थांबायला हवा.

कोंबडीवाचून अंडी उबवण्याची युक्ती सर्वांत आधी साधली ती इजिप्त आणि चीन या देशांनी. इजिप्तमध्ये शेणाच्या उबेत अंडी पुरून पिले काढतात, अशी नोंद ॲरिस्टॉटलने केली आहे. पुढे तिथे मातीच्या मोठ्या भट्ट्या उभ्या राहिल्या. मधून एक बोळ आणि दोन्ही बाजूंना दुमजली कोनाडे. खालच्या मजल्यावर अंडी मांडलेली आणि वरच्या मजल्यात शेण व भुसा धुमसत ठेवलेला. पहिल्या दहा-चौदा दिवसांनंतर विस्तव बंद करीत, कारण तोवर वाढत्या गर्भाचीच ऊब पुरेशी होई. तापमापक नव्हता. भट्टीवाला अंडे उचलून आपल्या पापणीला लावी आणि ऊब बरोबर आहे की नाही ते सांगे. हे कसब बापाकडून मुलाकडे जाई. फ्रान्समध्ये रेओम्युर या शास्त्रज्ञाने ही रीत समजून घेऊन आपले प्रयोग 1749 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

खुडूक कोंबडीचे दिवस फिरले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात 1879 मध्ये लायमन बाइस याने धंद्याला उपयोगी पडेल असे उबवणी यंत्र तयार केले आणि बघता बघता ते गाव अंड्यांसाठी प्रसिद्ध झाले. यंत्र आल्यावर कोंबडीने बसणे हे नुकसान ठरले, कारण खुडूक बसली की ती अंडी घालायचे थांबवते, आणि पिले सांभाळण्यात पुढचे काही आठवडे जातात. मग खुडूक होणाऱ्या कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या वगळल्या गेल्या. इटलीहून आलेल्या पांढऱ्या लेगहॉर्नमध्ये हा स्वभाव जवळजवळ उरलाच नाही. ऑस्कर रिडल आणि सहकाऱ्यांनी 1935 मध्ये प्रोलॅक्टिन हे संप्रेरक टोचून अंड्यावरच्या कोंबड्यांना खुडूक करून दाखवले. गावोगावच्या बायकांना दिसत आलेल्या या बदलाचे कारण तेव्हा कळले.

आकड्यांत पाहिले तर फरक प्रचंड आहे. गावरान कोंबडी वर्षाला साधारण साठ अंडी देते, तर पिंजऱ्यातली संकरित कोंबडी तीनशेच्या वर. पण साठ अंड्यांच्या कोंबडीला ना वीज लागते ना विकतची पिले. घार घिरट्या घालू लागली की तीच पिलांना पंखाखाली घेते, आणि कुठे उकरायचे हेही तीच शिकवते. हे काम अंड्यांच्या हिशोबात धरले जात नाही, ही त्या हिशोबाची मोठी चूक आहे.

महाराष्ट्रात सरकारी अंडी उबवणी केंद्रांतून सुधारित जातींची पिले गावांत पोचली. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराजा त्यांत विशेष पसरली. ही कोंबडी वजनाला भरते, अंडीही जास्त देते, पण खुडूक सहसा बसत नाही. त्यामुळे जिथे यंत्र नाही तिथे गिरिराजाची अंडी गोळा करून खुडूक बसलेल्या गावरान कोंबडीखालीच ठेवावी लागतात.