फेबल ऑफ द बीज, द

मूळचा डच, पण लंडनमध्ये स्थायिक झालेला वैद्य बर्नार्ड मँडेव्हिल (१६७०–१७३३) याचा वादग्रस्त ग्रंथ. ‘खाजगी दुर्गुण, सार्वजनिक हित’ अशा अर्थाचे उपशीर्षक. लोभ, गर्व, मत्सर व चैन या धर्मोपदेशकांनी पाप ठरविलेल्या वृत्तींवरच व्यापारी राष्ट्राची भरभराट उभी असते, हा त्यातील मुख्य सिद्धांत.

ग्रंथाचे बीज १७०५ मध्ये निनावी छापलेल्या ‘द ग्रम्ब्लिंग हाइव्ह’ या कवितेत आहे. काव्य म्हणून ती बेताचीच. लबाड, उधळ्या मधमाश्यांचे पोळे सुबत्तेत असते. तरी त्या लबाडीबद्दल कुरकुरतात, तेव्हा देव सर्वांना प्रामाणिक करतो. लगोलग वकील व तुरुंगाधिकारी रिकामे होतात, कुलपे-गज घडविणाऱ्या लोहारांना काम उरत नाही, चैनीच्या मालाला गिऱ्हाईक मिळत नाही. उरल्यासुरल्या माश्या अखेर झाडाच्या ढोलीत जाऊन राहतात.

१७१४ मध्ये कवितेला गद्य टिपा जोडून ग्रंथ सिद्ध झाला. १७२३ च्या आवृत्तीतील समाजविषयक निबंधात किरमिजी कापडाचे उदाहरण येते. पिंजारी, सूतकरी, विणकर, रंगारी हे झालेच. शिवाय रंगासाठी सोरा ईस्ट इंडीजमधून आणि कोचिनिल किडे स्पॅनिश अमेरिकेतून आणावे लागतात, त्या सफरींत खलाशी बुडतात. एका मिरवणाऱ्याच्या अंगरख्यामागे एवढी उलाढाल. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ग्रंथाचा हाच भाग सर्वांत मोलाचा.

त्याच आवृत्तीत धर्मादाय शाळांना विरोध करणारा निबंध आहे. श्रमिकांची मुले शिकली तर कष्टाची कामे कोण करणार, असा त्याचा रोख. तो उपरोध की खरे मत, याविषयी मतभेद आहेत. मिडलसेक्सच्या ग्रँड ज्यूरीने १७२३ मध्ये ग्रंथावर सार्वजनिक उपद्रव म्हणून आरोप ठेवला आणि त्यामुळेच त्याचा बोलबाला झाला. विल्यम लॉ, फ्रान्सिस हचिसन व बर्कली यांनी खंडने लिहिली.

ॲडम स्मिथने (१७५९) नेमक्या जागी बोट ठेवले : गरजेपलीकडचे सारे काही चैन मानल्यास स्वच्छ सदरा घालणेही दुर्गुण ठरते. मँडेव्हिलच्या विरोधाभासाचा बराचसा जोर या ताणलेल्या व्याख्येत आहे, हे मान्य करावे लागते. मात्र दुर्गुण आपोआप हितकारक होतात, असे त्याने म्हटलेले नाही; कुशल राज्यकर्त्याने ते हाताळावे लागतात, ही अट त्याने घातली आहे. उद्धृत करणारे ती बहुधा गाळतात.



केन्सने १९३६ मध्ये अपुऱ्या मागणीच्या विवेचनात या कवितेचा विस्ताराने आधार घेतला. हायेकने १९६६ च्या व्याख्यानात मात्र मँडेव्हिलला उत्स्फूर्त समाजव्यवस्थेच्या कल्पनेचा पूर्वसूरी मानले. एफ. बी. के यांनी संपादित केलेली दोन खंडांची आवृत्ती १९२४ मध्ये ऑक्सफर्डहून निघाली. अभ्यासक आजही तिचाच आधार घेतात.