परवान्याची गोष्ट: ओपनऑफिस ते लिबरऑफिस

आत येताना एका गृहस्थांनी मला विचारलं, "फुकट मिळतंय ना, मग परवाना कशाला वाचायचा?" प्रश्न रास्त आहे. सातबारा आपण ओळ न ओळ वाचतो, आणि संगणकावर 'मान्य आहे' या बटणावर डोळे झाकून टिचकी मारतो. मीही मारतो. इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोन्हींना एकच शब्द, म्हणून तिकडे घोटाळा होतो. आपल्याकडे शब्द दोन आहेत, तरी होतोच.

जर्मनीतल्या स्टार डिव्हिजन या कंपनीचं स्टारऑफिस होतं. पत्रं लिहायला, हिशेब मांडायला. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली आणि २००० मध्ये स्टारऑफिसचा सोर्स कोड खुला केला. त्यातून ओपनऑफिस उभं राहिलं. परवाना मुख्यतः एलजीपीएल. म्हणजे काय? कशासाठीही वापरा. शेजाऱ्याला प्रत द्या. कोड उघडून बदला. बदललेली प्रत वाटलीत, तर मात्र ते बदलही याच अटींवर, कोडसकट द्यायचे. नुसतं वापरणाऱ्यावर बंधन नाही. अट लागते ती वाटणाऱ्याला.

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन घेतली. ऑगस्टमध्ये सनचा दुसरा एक खुला प्रकल्प, ओपनसोलारिस, गुंडाळला गेला. आता आपला नंबर, असं ओपनऑफिसवाल्यांना वाटलं तर नवल नाही. २८ सप्टेंबरला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' जाहीर केलं आणि सगळा कोड घेऊन वेगळी चूल मांडली. कोणाची परवानगी काढावी लागली नाही. ती परवान्यात आधीच लिहून दिलेली होती, आणि मालक बदलला म्हणून मागे घेता येत नव्हती.

नाव मात्र नेता आलं नाही. कोडचा परवाना वेगळा, ट्रेडमार्क वेगळा. ओरॅकलकडे नाव मागून पाहिलं, मिळालं नाही. तात्पुरतं म्हणून घेतलेलं 'लिबरऑफिस' मग कायमचंच झालं.

पुढचा भाग मला जास्त गमतीचा वाटतो. जून २०११ मध्ये ओरॅकलने ओपनऑफिस अपाची फाउंडेशनला देऊन टाकलं, तेही परवाना बदलून. हे जमलं कसं? सनच्या काळात, जो कोणी कोड देई त्याच्याकडून कॉपीराइटचा हक्कही लिहून घेतला जायचा. तो हक्क ओरॅकलकडे आला होता. अपाचीचा परवाना सैल: कोड घ्या, बदला, बदल दाखवायची सक्ती नाही. त्यामुळे लिबरऑफिसवाले अपाचीकडचं काम उचलू शकत होते, पण अपाचीवाल्यांना लिबरऑफिसमधलं आपल्या अटींवर घेता येईना. पाणी एकाच बाजूला वाहत राहिलं.

आणि या सगळ्यात आपल्यासारख्याच्या फाइलींचं काय झालं? नव्या नावाच्या खाली त्या तशाच उघडल्या. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिबरऑफिसचे पाठ मराठीतही आहेत. मघाचे गृहस्थ अजून बसले असतील, तर त्यांनी तिथून सुरुवात करावी.