मज्जातंतूंचें वेष्टन व डॉ. हाउझर यांचें संशोधन

शास्त्रज्ञाची योग्यता कशावरून ठरवावी, हा प्रश्न विद्वानांच्या जगांत जुनाच आहे. १९६४ सालीं अमेरिकेंतील यूजीन गारफील्ड यांनीं शास्त्रीय निबंधांची एक विलक्षण सूचि चालू केली. कोणत्या निबंधाचा आधार पुढील किती निबंधांनीं घेतला, हें तींत पाहावयास मिळूं लागलें. आणि उल्लेखांची ही गणतीच हळूहळू मोठेपणाची मोजपट्टी होऊन बसली. परंतु ही मोजपट्टी किती उशिरा बोलूं लागते, हें पाहावयाचें असल्यास डॉ. स्टीफन हाउझर यांचें कार्य पाहावें.

हाउझर यांचा विषय मल्टिपल स्क्लेरोसिस हा रोग. विजेच्या तारेवर रबराचें वेष्टन असावें, तसें मेंदू व मज्जारज्जु यांतील तंतूंवर मायेलिन नांवाचें स्निग्ध वेष्टन असतें. ह्या रोगांत शरीराची संरक्षक यंत्रणाच त्या वेष्टनावर उलटते. दृष्टि मंदावते, हातापायांतील शक्ति जाते, तोल सुटतो. आणि हें बहुधा ऐन तारुण्यांत. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयांतील शार्को यांनीं १८६८ सालीं मृतांच्या मेंदूंतील कठीण डाग व जिवंतपणीं दिसलेलीं लक्षणें यांची सांगड घालून ह्या रोगाला स्वतंत्र स्थान दिलें. तथापि रोगाची वाटचाल अडविणारें औषध पुढें शतकभर कोणाच्या हातीं लागलें नाहीं.

हाउझर १९७५ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतून डॉक्टर झाले. उमेदवारीच्या काळांत ह्या रोगानें झपाट्यानें लुळी पडलेली एक तरुण स्त्री त्यांनीं पाहिली, आणि आपलें आयुष्य ह्याच प्रश्नाला वाहण्याचें ठरविलें. त्या काळीं विद्वानांचें मत जवळ जवळ एकमुखी होतें: रक्तांतील टी-पेशी ह्याच अपराधी. उंदरांवरील प्रयोग त्या मताला पुष्टि देत. पण उंदरांतील विकार मनुष्याच्या विकाराशीं पुरता जुळत नसे. हाउझर व त्यांचे सहकारी यांनीं मार्मोसेट ह्या लहानशा माकडांवर प्रयोग केले. मनुष्याच्या मेंदूंतल्यासारखे डाग पडण्यास केवळ टी-पेशी पुरत नाहींत, प्रतिद्रव्यांचीहि जोड लागते, असें त्यांना आढळलें. मग हीं प्रतिद्रव्यें ज्यांच्यापासून निपजतात, त्या बी-पेशीच नाहींशा केल्या तर?

ही कल्पना घेऊन ते सरकारी अनुदान मागावयास गेले. परीक्षकांनीं ती असंभाव्य म्हणून परत पाठविली. शेवटीं एका औषधी कंपनीच्या साहाय्यानें १०४ रोग्यांवर प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २००८ सालीं प्रसिद्ध झाला. बी-पेशी नष्ट करणाऱ्या रिटुक्सिमॅब ह्या औषधानें मेंदूंतील दाहाचे डाग ९१ टक्क्यांनीं घटले होते!

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. गुण आला तो कांहीं आठवड्यांतच. प्रतिद्रव्यें कमी होण्यास तेवढा अवधि पुरत नाहीं. म्हणजे प्रतिद्रव्यांसंबंधींचें मूळ अनुमानहि अपुरेंच होतें. बी-पेशी स्वतःच दाह चेतवीत होत्या. विरोधकांप्रमाणेंच स्वतःच्या तर्कालाहि प्रयोगासमोर उभें करावें लागतें, तें असें.

पुढें ऑक्रेलिझुमॅब हें औषध निघालें व २०१७ सालीं अमेरिकेंत त्याला मान्यता मिळाली. सतत वाढत जाणाऱ्या प्रकारावर मान्यता मिळालेलें तें पहिलेंच औषध. तें रोग समूळ घालवीत नाहीं, गेलेली शक्ति परत देत नाहीं. पण नवा घाला पुष्कळ अंशीं टाळतें. २०२२ सालीं अल्बेर्तो आशेरियो व त्यांचे सहकारी यांनीं एक कोटीहून अधिक अमेरिकन सैनिकांच्या नोंदी तपासून, एप्स्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर ह्या रोगाचा धोका ३२ पट वाढतो, असें दाखविलें. हा विषाणु दडून राहतो तो बी-पेशींतच! २०२५ चें ब्रेकथ्रू पारितोषिक ह्या दोघांस मिळून देण्यांत आलें.

आज हाउझर यांच्या निबंधांचे उल्लेख हजारोंनीं मोजले जातात. पण ज्या दिवशीं अर्ज परत आला, त्या दिवशीं ह्या कल्पनेच्या बाजूनें कोणतीहि गणती नव्हती; माकडांवरचे प्रयोग व रोग्यांची आठवण एवढेंच भांडवल होतें. उल्लेख हे झाडाच्या सावलीसारखे आहेत. सावली पडते ती झाड वाढल्यावर. रोप लावणाऱ्यास मात्र उन्हांतच उभें राहावें लागतें.