डार्विन कमान
पॅसिफिक महासागरातील गालापागोस द्वीपसमूहाच्या (इक्वादोर) वायव्य टोकाला, निर्जन डार्विन बेटालगत असलेली नैसर्गिक खडककमान. १७ मे २०२१ रोजी झिजेमुळे तिचा माथा कोसळला. आता दोन खांब उरले आहेत. स्कूबा डायव्हरांना ओढ लावणारे वैभव मात्र पाण्याखालचे, आणि ते टिकून आहे. येथील प्रवाह इतका जोरकस की पोहत हिंडण्यापेक्षा खडकाला धरून थांबणेच शहाणपणाचे. मग हातोडीसारख्या डोक्याच्या हॅमरहेड शार्कांच्या झुंडी समोरून सरकू लागतात. साधारण जून ते नोव्हेंबरमध्ये व्हेल शार्क येतात, त्यांत बहुतेक अवाढव्य माद्या. असा योग इतरत्र विरळाच. मुक्कामाची सोय असलेल्या बोटीनेच येथे पोहोचता येते. नवख्यांनी येथे उतरू नये.