सायगॉन शहर कुटुंबासोबत बघताना : मशीद, बाजार आणि खाण्यापिण्याची काळजी

व्हिएतनामचं सगळ्यात मोठं शहर हो ची मिन्ह सिटी. 1976 मध्ये नाव बदललं, तरी लोकांच्या तोंडी अजून सायगॉनच आहे. मुंबईहून थेट विमान आहे, ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो. आपल्या लोकांचा खरा प्रश्न असतो तो नमाज आणि हलाल जेवणाचा.

आमचा सल्ला असा की, हॉटेल डोंग यू रस्त्यावरच्या जामा मशिदीजवळ घ्यावं. निळ्या-पांढऱ्या रंगाची, चार मिनारांची ही मशीद दक्षिण भारतातून आलेल्या मुस्लिमांनी 1935 साली बांधली. 1975 नंतर बहुतेक भारतीय निघून गेले, पण मशीद आबाद राहिली. आज जुम्याला इथे स्थानिक चाम मुस्लिम, मलेशिया-इंडोनेशियाचे लोक आणि प्रवासी एका सफीत उभे असतात. आसपास हलाल हॉटेलंही आहेत. चाम लोक शाफई आहेत, त्यामुळे कोकणातल्या मंडळींना असरची वेळ ओळखीची वाटेल. हनफींना ती लवकर वाटेल. घड्याळ भारताच्या दीड तास पुढे, आणि मगरिब वर्षभर साधारण साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान.

मशिदीतून पायी निघालं की जुनं पोस्ट ऑफिस येतं. 1891 मध्ये पूर्ण झालेली ही इमारत आयफेलची म्हणून सांगतात, पण आर्किटेक्ट फुलू नावाचे होते. आतले भिंतीवरचे जुने नकाशे नक्की बघा. समोरचं चर्च 1880 चं, विटा मार्सेहून आणलेल्या. पुढे इंडिपेंडन्स पॅलेस. 30 एप्रिल 1975 ला याच्याच फाटकातून रणगाडे आत शिरले आणि युद्ध संपलं.

युद्ध संग्रहालय मोठ्यांनी चुकवू नये. मात्र एजंट ऑरेंज या विषारी रसायनाचे बळी दाखवणारे फोटो लहान मुलांना झेपणारे नाहीत. अंगणात विमानं, रणगाडे आहेत. घरातलं एक जण मुलांना घेऊन तिथेच थांबलं तर बरं.

बेन थान मार्केटला भाव निम्म्यावर आणल्याशिवाय पिशवी उघडू नका. मार्केटच्या बाजूच्या न्युएन आन निन्ह रस्त्यावर मलेशियन ग्राहकांमुळे हलाल खानावळी आणि हिजाब-कपड्यांची दुकानं झाली आहेत. बायकांची खरेदी इथेच जास्त होते!

बाकी ठिकाणी जपून. 'हेओ' म्हणजे डुक्कर. 'बो' म्हणजे बीफ, 'गा' म्हणजे चिकन. पण टपरीवरचं फो सूप बीफचं असलं तरी जबिहा नसतं, आणि भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते. 'चाय' लिहिलेली पाटी दिसली तर ती चहाची नव्हे, बौद्ध शाकाहारी जेवणाची. अडचणीत तिथे पोट भरतं, फक्त दारू घातली नाही ना, एवढं विचारून घ्या.

वेळ असेल तर चोलोन, म्हणजे चिनी वस्ती आणि बिन्ह ताय मार्केट. तिथेही न्युएन त्राय रस्त्यावर जुनी मशीद आहे.

रस्ता ओलांडताना मोटारसायकली थांबत नाहीत, वळसा घालून जातात. मुलांचा हात धरून एका चालीने चालायचं, मधेच पळायचं नाही. जुलै 2025 पासून डिस्ट्रिक्ट रद्द झाले आहेत, पण ड्रायव्हरला 'डिस्ट्रिक्ट 1' अजूनही कळतं. मशिदीचा पत्ता मात्र मोबाइलवर लिहूनच दाखवा, आपला उच्चार त्यांना समजत नाही.